घर बांधताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या वाचकांकडून या वेळी आलेली बहुतेक पत्रे आर्किटेक्टविषयी आहेत. त्याची गरज आहे का, त्याला काय सांगावे, पैसे केव्हा द्यावेत आणि त्याच्याशी जमले नाही तर काय करावे, अशा प्रश्नांपैकी सात येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती. उत्तरासाठी आवश्यक तेवढाच मजकूर ठेवला असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : *सातारा शहरात अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चढत जाणाऱ्या उतारावर आमचा चाळीस बाय साठ फुटांचा मंजूर ले-आउटमधील प्लॉट आहे. रस्ता खालच्या अंगाला असून मागची हद्द त्यापेक्षा सुमारे सात फूट उंच आहे. मी नुकताच माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. ओळखीचे कंत्राटदार म्हणतात की नकाशा तेच काढून मंजूर करून देतील आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाहीत. आर्किटेक्टने मात्र नुसत्या नियोजनाचीच बरीच रक्कम सांगितली. नकाशा दोघांकडूनही मिळणार असेल, तर हा खर्च कशासाठी करायचा? – एक वाचक, सातारा*

उत्तर : आपल्या पत्रातील सगळा गोंधळ ‘नकाशा’ या एका शब्दात साठलेला आहे. आपल्याकडे नगरपालिकेत सादर करायच्या कागदालाही नकाशा म्हणतात आणि ज्यावरून गवंडी प्रत्यक्ष भिंत उभी करतो त्या कागदालाही नकाशाच म्हणतात. वस्तुतः ही दोन वेगवेगळी कामे आहेत. मंजुरीच्या नकाशात प्लॉटची हद्द, चारही बाजूंना मोकळी सोडायची सामासिक अंतरे, चटईक्षेत्राचा हिशेब, खोल्यांची मापे, दारे-खिडक्यांचा तक्ता एवढे असते. राज्याच्या बहुतेक भागांत डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली असून नगरपालिकेतील अधिकारी हा नकाशा त्या नियमांशी ताडून पाहतात. घरातील माणसांना त्या खोल्यांत नीट वावरता येईल का, हे पाहणे त्यांचे काम नव्हे. साडेनऊ चौरस मीटरच्या एका खोलीला चार भिंतींत चार दारे दाखवली, तरी तो नकाशा मंजूर होऊ शकतो. त्या खोलीत पलंग कोणत्या भिंतीला लावायचा, हा प्रश्न आपल्याला राहायला गेल्यावर पडतो.

आर्किटेक्ट पैसे घेतो ते मुख्यतः या मंजुरीच्या नकाशाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाचे. आधी जागा पाहणे, कुटुंबाची गरज समजून घेणे, दोन-तीन पर्याय कच्चे मांडून त्यांपैकी एक पक्का करणे. आणि नंतर सेंटरलाइन (भिंती व खांबांच्या मध्यरेषा), जिन्याचा छेद, प्लंबिंग, वीज, दारे-खिडक्या, स्वयंपाकाचा ओटा, फरशीच्या पातळ्या यांची कामाची ड्रॉइंग काढणे. ‘फुकट’ नकाशात हे दोन्ही टप्पे नसतात, आणि जो टप्पा असतो त्याची किंमतही चौरस फुटाच्या दरात धरलेलीच असते.

आता आपल्या प्लॉटकडे वळू. कंत्राटदाराच्या सवयीप्रमाणे मागच्या हद्दीची पातळी धरून संपूर्ण प्लॉट सपाट करायचे ठरले, तर सरासरी साडेतीन फूट भराव लागेल. २,४०० चौरस फुटांवर साडेतीन फूट म्हणजे ८,४०० घनफूट, अर्थात ८४ ब्रास मुरूम; तो दाबून बसवला की आणखी लागेल. हा भराव अडवायला रस्त्याच्या बाजूला सात फुटी रिटेनिंग वॉल बांधावी लागेल. भरावावर पाया ठेवता येत नसल्यामुळे फुटिंग तरीही खाली मूळ जमिनीतच न्यावे लागेल. आणि एवढा खर्च केल्यानंतर निवृत्त माणसाला रोज दुधाची पिशवी घेऊन रस्त्यावरून घरात जाण्यासाठी सहा इंची चौदा पायऱ्या चढाव्या लागतील.

उतार समजून घेणारा माणूस हेच घर दोन टप्प्यांत बसवील. वाहन, बैठक, स्वयंपाकघर आणि आपल्या दोघांची झोपण्याची खोली रस्त्यालगतच्या पातळीवर राहील, मुलांच्या आणि पाहुण्यांच्या खोल्या साडेतीन फूट वर, म्हणजे अवघ्या सात पायऱ्यांवर जातील. खोदलेला मुरूम तिथल्या तिथे जोत्यात वापरला जाईल. पावसाळ्यात डोंगराकडून उतरणारे पाणी मागच्या भिंतीवर साठू नये म्हणून तिच्या मागे दगडगोट्यांचा थर, भिंतीत पाणी निघायला नळ्या आणि वरच्या अंगाला गटार दाखवले जाईल. यासाठी कोणतेही चित्र काढण्यापूर्वी प्लॉटच्या लेव्हल, म्हणजे ठिकठिकाणच्या उंच-सखल पातळ्या, मोजून घ्याव्या लागतात. आपण ज्यांच्याकडे जाल त्यांनी हा विषय स्वतःहून काढला नाही, तर दुसरीकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घराचे नियोजन फक्त आर्किटेक्टनेच करावे, असे कायदा म्हणत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही पदवी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. परंतु हे बंधन पदवीपुरते आहे, नियोजनाच्या कामावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. सपाट प्लॉटवर तीन खोल्यांचे साधे घर बांधायचे असेल, तर जाणता सिव्हिल इंजिनियरही ते चांगले करू शकतो आणि आपल्या जिल्ह्यात अशी कितीतरी उत्तम घरे आहेत. फक्त ज्याच्या नावाच्या पाटीवर आर्किटेक्ट असे लिहिले आहे त्याचा ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा. शिवाय बाजारात ‘वास्तुतज्ज्ञ’ या शब्दाखाली वास्तुशास्त्राचा सल्ला देणारे, आर्किटेक्ट आणि कधी कधी टाइल्सचे दुकानदार असे सगळेच आढळतात, याचीही नोंद घ्यावी.

प्रश्न : *तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गावठाणाला लागून घर बांधायचे आहे. घरात आम्ही दोघे, आई, दोन मुले. आर्किटेक्टची पहिली भेट ठरली आहे. मोबाइलवर पन्नासेक घरांचे फोटो जमवले आहेत. याशिवाय काय तयारी करावी? हजार चौरस फुटांपर्यंत खर्च झेपेल. – एक शेतकरी वाचक*

उत्तर : फोटो जरूर न्यावेत, पण शेवटी दाखवावेत. आधी दाखवले की बोलणे घराच्या दर्शनी भागावर अडकते आणि घरात राहणाऱ्यांचा विषय मागे पडतो. पहिल्या भेटीत आर्किटेक्टला आपल्या घरातला एक दिवस सांगावा. पहाटे कोण उठते, कोणत्या दाराने बाहेर पडते, फवारणी करून आलेला माणूस कुठे हातपाय धुतो, त्याचे कपडे कुठे पडतात, मजुरांचा चहा कुठे होतो, व्यापारी आला तर कुठे बसतो, आईला रात्री किती वेळा उठावे लागते, हे ऐकल्याखेरीज कोणालाही आपले घर आखता येणार नाही. शहरात शिकलेला तरुण आर्किटेक्ट द्राक्षबागायतदाराच्या घरी हंगामात किती माणसांची ये-जा असते याची कल्पना करू शकत नाही. तो त्याचा दोष नाही, ती माहिती देणे आपले काम आहे.

माझ्या पाहण्यात आलेल्या बागायतदारांच्या नव्या घरांत एक चूक वारंवार दिसते. घर देखणे असते. औषधे, गंधक आणि फवारणीचा पंप मात्र जिन्याखाली स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेले असतात, कारण नियोजनाच्या वेळी त्यांचे नावही कोणी काढले नव्हते. औषधांची खोली राहत्या घरापासून वेगळी, बाहेरून दार असलेली, कुलूप लागणारी आणि हवा खेळती राहील अशी असावी, आणि तिच्याजवळच बाहेर एक मोरी व नळ असावा. बेदाणा करत असाल तर बॉक्स ठेवायला कोरडी जागा किती लागते, हे बॉक्सच्या संख्येनेच सांगावे.

आता क्षेत्रफळाचा हिशेब. आपल्या पत्रातील यादी मी मापांत मांडून पाहिली. बैठक १२ बाय १६, स्वयंपाकघर १० बाय १२, झोपण्याच्या तीन खोल्या प्रत्येकी ११ बाय १२, देवघर ५ बाय ६, न्हाणीघर-शौचालये दोन प्रत्येकी ५ बाय ८, कोठीची खोली ८ बाय ८. यांची बेरीज ८८२ चौरस फूट होते आणि ती समाधानकारक वाटते. पण यात भिंतींची जाडी नाही, जिना नाही, खोलीतून खोलीत जाण्याची वाट नाही. त्यासाठी साधारण एक तृतीयांश वाढ धरली, तर बांधकाम पावणेबाराशे ते बाराशे चौरस फुटांवर जाते, आणि औषधांची खोली व ओटा अजून बाहेरच आहेत. म्हणजे आपल्या मनातले घर आणि आपल्या खिशातले घर यांत दोनशे फुटांचा फरक आहे. तो पहिल्याच भेटीत सांगावा. बहुतेक लोक आर्किटेक्टला खरे बजेट सांगत नाहीत. आकडा सांगितला की तो सगळा खर्च करायला लावील, अशी भीती असते. मग कमी सांगितलेल्या रकमेत न बसणारी इच्छा पुढे येते, नियोजन तीनदा बदलते आणि वैताग दोन्हीकडे वाढतो. माझ्या मते आपण तिसरी झोपण्याची खोली आता न बांधता वरच्या मजल्यासाठी राखून ठेवावी; मात्र जिना, कॉलम आणि पाण्याच्या नळ्या वरच्या मजल्याचा विचार करूनच आज आखल्या जाव्यात, आणि हे आरसीसीचे, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे, डिझाइन करणाऱ्याला लेखी कळवावे. ‘पुढे बघू’ म्हणून नुसत्या सळया गच्चीवर उघड्या सोडणे म्हणजे त्या गंजायला ठेवणे होय.

आईची खोली तळमजल्यावर, संडासाला लागून, उंबरा नसलेली आणि तीन फुटी दाराची ठेवावी. पायरी निवासी इमारतीत १९ सेंटिमीटरपर्यंत उंच ठेवायला नियमांची हरकत नसते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती १५ सेंटिमीटर असावी. चार सेंटिमीटरचा हा फरक कागदावर दिसत नाही, जिन्यावर रोज कळतो.

आणि फोटोंविषयी एकच. आपण पाठवलेल्या तीन चित्रांत दर्शनी बाजूस जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. आपला प्लॉट पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचे ऊन तिरपे, थेट आत येते आणि त्याला छज्जा अडवू शकत नाही. तासगावच्या एप्रिल-मे महिन्यांत त्या काचेमागे दुपारी चारनंतर कोणी बसणार नाही. पश्चिमेला जिना, कोठी, न्हाणीघर यांची रांग लावून आतल्या खोल्यांना सावली देता येते, किंवा पुढे पडवी घेऊन जाळी लावता येते. जुन्या वाड्यांना ओसरी आणि सोपा होता तो काही केवळ शोभेसाठी नव्हता. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला गेलात, तर चौकाच्या कडेने उभे राहून हवा कशी फिरते तेवढे जरूर अनुभवावे.

प्रश्न : *आर्किटेक्टची फी टक्क्यांवर ठरवावी की चौरस फुटांवर? – एक वाचक, कराड*

उत्तर : दोन्ही पद्धती चालतात. टक्केवारीत बांधकाम महागले की फी वाढते, चौरस फुटांत घर वाढले की वाढते. लहान घरासाठी ठोक रकमेचा करार मला बरा वाटतो. पद्धतीपेक्षा त्या रकमेत काय येते, हे लेखी असणे महत्त्वाचे आहे. नियोजनाचे किती पर्याय, मंजुरीचे काम, कामाची ड्रॉइंग, आरसीसी डिझाइन, साइटवर किती भेटी, भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेले घर वापरण्याची परवानगी), आणि नगरपालिकेचे शुल्क व जीएसटी वेगळे की आत, यांपैकी प्रत्येक बाब नावानिशी लिहावी. पैसे टप्प्यांनी द्यावेत व शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत राखून ठेवण्याविषयी आधीच बोलावे. आर्किटेक्टची देखरेख म्हणजे ठरावीक टप्प्यांवरच्या भेटी असतात; रोज उभे राहणारा माणूस हवा असेल, तर त्याचा पगार वेगळा धरावा लागतो. याविषयी जितके गैरसमज होतात तितके दुसऱ्या कशाविषयी होत नसावेत.

प्रश्न : *सांगलीत सखल भागात वडिलांनी घेतलेला प्लॉट आहे. २०१९ च्या महापुरात शेजारच्या घरांत कमरेएवढे पाणी होते. जमीन काळी आहे. जोते पाच फूट उचलून घर बांधावे असे आम्हांला वाटते. आर्किटेक्ट म्हणतात, आधी माती तपासा आणि पूररेषा बघा. ते विनाकारण वेळ काढत आहेत का? – एक वाचक, सांगली*

उत्तर : नाहीत. उलट आपल्याला चांगला माणूस भेटला आहे, असे मी म्हणेन.

सांगलीकरांना कृष्णेची पातळी आयर्विन पुलावरच्या फुटांत कळते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली, २००५ आणि २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला. पण पुलावरच्या फुटांवरून आपल्या प्लॉटवर किती पाणी येईल ते कळत नाही. त्यासाठी प्लॉटची पातळी शासकीय संदर्भ पातळीशी जोडून मोजावी लागते. पाटबंधारे विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल अशा दोन पूररेषा आहेत. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर बांधता येते व तेथे जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे लागते. आपला प्लॉट यांत कुठे बसतो हे कळल्याशिवाय ‘पाच फूट’ हा आकडा नुसता अंदाज आहे. शेजाऱ्याच्या भिंतीवरची २०१९ ची खूण अजून दिसत असेल तर तिची उंची मोजून आर्किटेक्टला द्यावी. कागदोपत्री पातळीशी ती ताडून पाहता येते.

समजा, प्लॉटवर पाणी साडेचार-पाच फूट येते असे निघाले. अशा वेळी दोन वाटा उरतात. भराव टाकून जोते उचलावे, तर वृद्धांना किंवा चाकाच्या खुर्चीला आत नेण्यासाठी १ : १२ उताराचा रॅम्प साठ फूट लांब होतो आणि तो आपल्या प्लॉटमध्ये मावणार नाही, शिवाय प्रत्येकाने असा भराव टाकला की पाण्याची वाट बुजून ते शेजाऱ्याकडे जाते. दुसरी वाट म्हणजे तळमजला खांबांवर मोकळा सोडून राहते घर पहिल्या मजल्यावर घेणे. मला ही वाट पसंत आहे, पण तिच्यात एक धोका आहे, तो दडवून ठेवू नये. खाली नुसते खांब आणि वर भिंतींचे वजन अशी इमारत भूकंपात खालच्या मजल्यावरच मोडते. कोयनेचा धक्का ज्यांना आठवतो त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून खांबांचे माप, त्यांतल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा आणि जिन्याभोवती आरसीसी भिंत हे सगळे स्ट्रक्चरल इंजिनियरने ठरवलेले असावे. ‘खाली पार्किंगच आहे’ म्हणून तिथले खांब बारीक करून चालणार नाही.

काळ्या मातीचा विषय याहून जुना आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या हालचालीने हलक्या, एकमजली घरांचे नुकसान जास्त होते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही तिची ओळख असते. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो ते पाहावे, नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. मुरूम आठ-दहा फुटांत लागत असेल तर पाया तिथपर्यंत न्यावा. फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) किंवा राफ्ट (घराखालचा सलग काँक्रीटचा पाया) असे पर्याय स्ट्रक्चरल इंजिनियर सुचवील. पुढे घराभोवती तीन-चार फुटी पक्का पट्टा करून पावसाचे पाणी पायापासून दूर न्यावे आणि मोठी झाडे भिंतीला खेटून लावू नयेत. मातीच्या तपासणीचा खर्च घराच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो. तो वाचवून नंतर दरवर्षी भेगा बुजवत बसलेली घरे आपल्या गल्लीतच आपल्याला दाखवता येतील.

पुराचे पाणी येणारच असे धरून आर्किटेक्टशी आणखी काही बोलावे. विजेचा मीटर व बोर्ड पूरपातळीच्या वर घ्यावेत. पूर येतो तेव्हा गटाराचे पाणी उलटे फिरून संडासातून घरात येते, त्यासाठी ड्रेनेजच्या नळीत ते पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा. खाली काही कपाटे करायचीच असतील तर कडप्प्याची करावीत, प्लायवूडची करू नयेत. आणि वरच्या मजल्याचा जिना घराबाहेरूनच असेल तर बोट लागेपर्यंत कोठे उभे राहायचे, याचाही विचार व्हावा. हा विनोद नाही. २०१९ मध्ये ज्यांनी गच्चीवर रात्र काढली त्यांना विचारावे.

प्रश्न : *आर्किटेक्टचे नियोजन आम्हांला पसंत आहे, पण सासूबाईंना वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवे आहे. आर्किटेक्ट वास्तू मानत नाहीत. – एक वाचिका, वाई*

उत्तर : आर्किटेक्टने मानण्याचा हा प्रश्न नाही; घर त्यांचे नाही. सासूबाईंच्या अटी पहिल्याच भेटीत सांगितल्या असत्या तर त्या प्लॉटच्या रुंदीसारख्याच एक अट म्हणून नियोजनात आल्या असत्या. अजूनही काम कागदावरच असल्यामुळे उशीर झालेला नाही. सासूबाईंना घेऊन एकदा आर्किटेक्टकडे जावे आणि ज्या दोन-तीन गोष्टींवर त्यांचा खरोखर आग्रह आहे तेवढ्याच लिहून द्याव्यात. स्लॅब पडल्यानंतर सल्लागार आणून संडास हलवायला लावणे मात्र कृपया कोणी करू नये.

प्रश्न : *आमच्या आर्किटेक्टने मंजुरी मिळवून दिली, नंतर सहा महिने कामाची ड्रॉइंगच दिली नाहीत. त्यांना सोडून दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घेता येईल का? आणि हाच नकाशा माझा भाऊ त्याच्या प्लॉटवर वापरू शकेल का? – एक वाचक, सातारा*

उत्तर : आधी त्यांना लेखी पत्र देऊन ड्रॉइंग कोणत्या तारखेपर्यंत देणार ते विचारावे व पत्राची पोच ठेवावी. पुष्कळदा यामागे थकलेला हप्ता किंवा आपल्याकडून न कळवलेला एखादा निर्णय असतो. तसे असेल तर ते या पत्रव्यवहारातच बाहेर येते. उत्तर आले नाही, तर झालेल्या कामापुरती फी चुकती करून ना-हरकत पत्र घ्यावे आणि तांत्रिक व्यक्ती बदलल्याचे नगरपालिकेला कळवावे. दुसऱ्या आर्किटेक्टलाही पहिल्याची माहिती द्यावी. एकाचे काम दुसऱ्याने परस्पर काढून घेणे त्यांच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांत बसत नाही. पैसे घेऊन सेवाच दिली नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे व त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

भावाच्या घराविषयी : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वास्तुरचना ही कलाकृती मानली आहे, आणि करारात वेगळे लिहिले नसेल तर तिचा हक्क रचनाकाराकडे राहतो. आपण फी दिली ती एका प्लॉटवरील एका घरासाठी. बांधकाम सुरू झाल्यावर न्यायालय ते थांबवत किंवा पाडत नाही, परंतु नुकसानभरपाई मागता येते. संमती मागितली तर थोड्या फीमध्ये ती बहुधा मिळते. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या पूर्वाभिमुख प्लॉटसाठी केलेले घर भावाच्या पश्चिमाभिमुख प्लॉटवर उचलून ठेवले, तर आपल्या बैठकीतली सकाळ त्याच्या बैठकीत दुपार होऊन बसेल.

प्रश्न : *काम जोत्यापर्यंत आले आहे. हॉल मोठा दिसावा म्हणून मधला एक कॉलम काढून टाकावा असे घरच्यांना वाटते. मेस्त्री म्हणतात, बीम जाड करू, काही होत नाही. आर्किटेक्ट म्हणतात, आरसीसी डिझायनरला विचारायला आठ दिवस लागतील. सेंट्रिंगवाला (काँक्रीटसाठी साचा उभारणारा) थांबायला तयार नाही. – एक वाचक, पाटण तालुका*

उत्तर : सेंट्रिंगवाल्याला थांबवावे, नाही थांबला तर दुसरा पाहावा. आपण पाटण तालुक्यात घर बांधत आहात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात काय झाले ते आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल, आणि त्यानंतरही त्या भागाला धक्के बसतच आलेले आहेत. मधला कॉलम काढला की त्याचे वजन शेजारच्या कॉलमवर जाते. म्हणजे बीमबरोबर ते कॉलम आणि त्यांखालची फुटिंगही बदलावी लागतात, आणि फुटिंग तर आपण आधीच भरून बसला आहात. मेस्त्रींचा अनुभव मोठा असेल, तो बीम वरून येणारे वजन कदाचित पेलीलही. भूकंपात आडवा हिसका बसतो तेव्हा सांध्यावर काय येईल, याचा हिशेब अनुभवाने होत नाही.

आठ दिवसांनी डिझायनरने होकार दिला तर सुधारित ड्रॉइंग सहीनिशी हातात घ्यावे. तोंडी ‘चालेल’ घेऊ नये. नकार दिला तर आर्किटेक्टला विचारावे की कॉलम तेथेच ठेवून हॉल मोठा कसा दिसेल. कॉलमला लागून देवघराची जाळी किंवा बसायचा ओटा घेतला, तर तो कॉलम मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. आर्किटेक्टची फी अशाच वेळी वसूल होते. यापुढे चार वेळा त्यांना साइटवर आणल्याशिवाय काम पुढे नेऊ नये : कॉलमची सळई बांधून झाल्यावर, स्लॅबची सळई व त्यातील विजेच्या नळ्या टाकून झाल्यावर, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून ठेवल्यावर, आणि प्लास्टरपूर्वी भिंतीतील नळ्या दाबून तपासताना. सळई पाहायला ते येतील तेव्हा आपणही खाली वाकून रिंगांची टोके पाहावीत. ती नुसती काटकोनात वळवलेली नसून १३५ अंशांत आत वळवलेली, म्हणजे काँक्रीटच्या पोटात शिरलेली असली पाहिजेत. नसतील तर त्याच वेळी वळवून घ्यावीत; काँक्रीट पडल्यावर ती कोणाला दिसणार नाहीत.